पाणथळीचा सातबारा

चार-दहा शिकाऱ्यांनी वर्गणी काढून बदकांची जुनी, नावाजलेली पाणथळ विकत घ्यावी, असे सुरतेकडच्या कुणाच्या मनात शंभर वर्षांपूर्वी आले असते, तर गाडी पहिल्याच नाक्यावर अडली असती. तो नाका म्हणजे 1879 सालचा मुंबई इलाख्याचा पाचवा कायदा, म्हणजेच जमीन महसूल अधिनियम, आणि त्याचे कलम 37. भरतीच्या रेषेखालचे खाड्यांचे तळ, नद्या, नाले, सरोवरे आणि तलावांचे तळ, उभे पाणी, वाहते पाणी आणि कुणाच्याही कायदेशीर मालकीची नसलेली सगळी जमीन सरकारची, असे ते कलम सांगते. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाल्यावर हाच कायदा गुजरातच्या वाट्याला गेला आणि आजही तिथे लागू आहे.

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात उभे राहिल्यावर हे कलम कोरडे वाटत नाही. इथून लिंबायत, डिंडोलीपर्यंत खानदेशातून आलेल्या माणसांची दाट वस्ती आहे, आणि पावसाळ्यात खाडी फुगली की पाणी याच वस्त्यांत शिरते. ‘खाडीपूर’ हा इथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. पर्वत हे मुळात चोर्यासी तालुक्यातले खेडे, म्हणजे ब्रिटिश मुलूख. पूर्वेकडे कडोदऱ्याच्या वाटेने थोडे पुढे गेले की पलसाणा, आणि उत्तरेला कामरेज. हे दोन्ही महाल गायकवाडांच्या नवसारी प्रांतातले. त्यामुळे एकाच सखल पट्ट्यातले पाणी दोन सरकारांच्या दप्तरांत विभागलेले होते. बदकांना याचे सोयरसुतक नसणार. कागद धुंडाळणाऱ्याला मात्र आधी ठरवावे लागते की आपण सुरतेच्या कलेक्टर कचेरीत शिरायचे की बडोद्याच्या दफ्तरखान्यात.

भातखाचरातल्या पाणलाव्यांचा प्रश्न वेगळा होता. खाचर खातेदाराचे, त्याच्याशी गोड बोलून आत शिरले की काम भागायचे. पण थापट्या, तलवार बदक, भुवई बदक असली थव्याने उतरणारी पाखरे उघड्या, पसरट पाण्यावर येतात आणि ते पाणी सरकारचे. ते विकायला काढलेलेच नव्हते. याच इलाख्यातल्या नळ सरोवराचे उदाहरण घ्या. अहमदाबादेच्या नैर्ऋत्येला 37 मैलांवर, सुमारे 49 चौरस मैलांचा विस्तार. उन्हाळा चढेल तसे खारट होत जाणारे पाणी, काठाला वेत-लव्हाळ्यांचे गचपण, असंख्य पाणपक्षी, आणि मधल्या बेटांवर उन्हाळ्यात चरणारी गुरे. इम्पीरियल गॅझेटिअरच्या नोंदीत हे सगळे आहे. मालक म्हणून मात्र कुणी सरदार नाही, संस्था नाही. काठावरचे पढार लोक मासे धरीत, कंद खणून खात, पण त्यांच्याही नावे सातबारा नाही.

ज्या जमिनीवर पाणी साचते ती महसुलाच्या भाषेत खराबा. तिच्यावर कुणाला हक्क मिळवायचाच असेल, तर वाट एकच: बांध घाला, खारे पाणी बाहेर ठेवा, जमीन लागवडीला आणा. असे करणाऱ्याला सरकार खारजमिनीचे पट्टे देई आणि सुरुवातीची काही वर्षे साऱ्यात सूटही देई. 1948 मध्ये तर मुंबई राज्याने खारजमिनींसाठी वेगळा कायदाच केला. थोडक्यात, दलदल आपली करायची तर आधी तिची दलदल मोडायला हवी. ती ओली ठेवीन म्हणणाऱ्यासाठी कुठल्याही नमुन्यात रकाना नव्हता. शिकाऱ्यांसाठी कायदा होता तो 1912 चा, वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा. त्याच्या परिशिष्टात बदकांचे नाव होते आणि बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारला होता. पाखरू केव्हा मारू नये एवढे तो सांगे. पाखरू जिथे उतरते त्या पाण्याबद्दल त्यात काही नव्हते.

सरकारी पाण्याऐवजी संस्थानी पाणी असेल तर कहाणी बदलते. त्याचा पुरावा दगडावर आहे. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव मंदिराजवळ लाल दगडाच्या पाट्यांवर शिकारींची यादी कोरलेली आहे, आणि तीही इंग्रजीत: तारीख, कोणत्या पाहुण्याच्या आगमनानिमित्त, किती बंदुका, किती पक्षी. डिसेंबर 1902, लॉर्ड कर्झन, 540 पक्षी. 12 नोव्हेंबर 1938, लॉर्ड लिनलिथगो, 4,273 पक्षी. जवळजवळ आठपट. पहिल्यांदा वाचताना डोळा या आकड्यांवरच खिळतो, पण या पाटीचे खरे महत्त्व तिने काय गाळले त्यात आहे. जात कोणती, हे नाही. जखमी होऊन वेतात मेलेले किती, हे नाही. छातीभर थंड पाण्यात उतरून मेलेली पाखरे गोळा करणाऱ्यांची नावे तर नाहीतच. यजमान महाराजांना पाहुण्यांना आणि पुढच्या पाहुण्यांना जे दाखवायचे होते तेवढेच दगडावर चढले. इतिहासाचे साधन म्हणून ती शिकारीची वही कमी आणि दरबाराची मानपत्रिका जास्त आहे. तिला आकड्यांसाठी प्रमाण मानायचे तर हे ध्यानात ठेवूनच मानावे.

भरतपूरची ही पाणथळ निसर्गाने आयती दिलेली नव्हती. महाराजा सूरजमलाच्या काळातला अजान बांध आधीपासून होता आणि सखल भागात पुराचे पाणी भरतच असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरचा कारभार पाहणारे हरभामजी हे मोरवीच्या राजघराण्यातले, म्हणजे सौराष्ट्रातले. विलायतेतली बदकांची शिकार पाहून आल्यावर त्यांनी इथे छोटे बांध, पाट आणि दरवाजे घालून पाणी हवे तिथे आणि हवे तेवढे साठवण्याची व्यवस्था बसवली. इथे पाणी टिकले, कारण टिकवणाऱ्याच्या हाती जमीन, बांध आणि कालवा तिन्ही होते. शिकारी मात्र भागीदार नव्हते, निमंत्रित होते. दगडावर नाव लागले म्हणून कुणाला हिस्सा मिळत नव्हता.

गायकवाडांच्या मुलखातल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावाची आणि 1912 च्या थोळ तलावाची जन्मकथा आणखी साधी. दोन्ही सिंचनासाठी बांधलेले, बदके त्यांच्या मर्जीने आली. 2021 मध्ये दोन्हींना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींचा रामसर दर्जा मिळाला.

शिकाऱ्यांनी मिळून पाणथळ घेतली, असे कागदोपत्री दिसते ते अमेरिकेत. ओहायोतल्या सँडस्की उपसागराच्या काठी विनस पॉइंट शूटिंग क्लब 1856 मध्ये निघाला. तो त्या देशातला सर्वांत जुना बदक-शिकार क्लब मानला जातो. सभासदांनी पैसे घालून दलदल घेतली आणि ती दलदलच राहू दिली. पाण्यातून होड्या नेणाऱ्या बाहेरच्या लोकांशी क्लबाचे खटके उडत राहिले. 1917 मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने स्लॉटरबेक खटल्यात क्लबाच्या बाजूने निकाल दिला. पाण्यावरून होडी नेण्याचा हक्क सगळ्यांचा असेल, पण पाण्याखालची जमीन ज्याची, शिकारीचा हक्क त्याचा. आमचे कलम 37 आणि हा निकाल शेजारी ठेवले की पाण्याखालच्या चिखलाकडे पाहण्याच्या दोन उलट्या रीती समोर येतात. इथे तो चिखल सरकारच्या नावावर, तिथे भागधारकांच्या. इथे तो सुकवून मिळतो, तिथे भिजलेलाच विकत मिळतो.

पण मालकी आणि भाडेपट्टा यांतला फरकही त्याच देशात पाहावा लागतो. विस्कॉन्सिनमधली होरिकॉन दलदल 1846 मध्ये धरण घालून सरोवर झाली, आणि 1869 मध्ये धरण काढल्यावर पुन्हा दलदल झाली. तिथे 1883 मध्ये डायना शूटिंग क्लब निघाला. त्याने दलदलीचा मोठा भाग घेतला तो भाड्याने. 1910 ते 1914 या काळात तिच्या पोटातून मोठा चर खणून पाणी काढण्यात आले, शेती करायची म्हणून. शेती काही नीट झाली नाही, वाळलेल्या दलदलीतली पीट माती मात्र पेटत राहिली. शिकारी केवळ भाडेकरू होते म्हणूनच हे घडले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. निचऱ्याच्या कायद्याचा आणि जमिनीच्या भावाचाही यात हात होता. तरी विनस पॉइंट ओले राहिले आणि होरिकॉन वाळले, हा फरक नजरेआड करता येत नाही. पुढे आयझॅक वॉल्टन लीग या निसर्गसंवर्धक संस्थेचे लुई रॅडकी यांनी वर्षानुवर्षे खेटे घातले, 1927 मध्ये विस्कॉन्सिनने होरिकॉनसाठी कायदा केला आणि 1934 मध्ये नवे धरण उभे राहून पाणी परतले. 1941 मध्ये उत्तरेचा दोन-तृतीयांश भाग केंद्र सरकारच्या आश्रयक्षेत्रात गेला.

मोठ्या प्रमाणावर सामाईक खरेदी सुरू झाली ती याच 1934 मध्ये. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने 16 मार्चला बदक-तिकिटाच्या कायद्यावर सही केली. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याने एक डॉलरचे तिकीट घ्यायचे आणि त्या पैशातून सरकारने पाणथळी घ्यायच्या. पहिल्या तिकिटावरचे, पाण्यावर उतरणारे दोन मॅलार्ड काढले होते जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने. त्या वेळी संबंधित सरकारी खात्याचा प्रमुखही तोच होता. पहिल्या वर्षी 6,35,001 तिकिटे खपली. आज तिकीट 25 डॉलरचे आहे, त्यातले जवळपास सगळे पैसे जमिनीवरच खर्च होतात आणि आजवर 60 लाख एकरांवर पाणथळ या निधीतून राखली गेली आहे. विनस पॉइंटचा भागधारक श्रीमंत असावा लागे. बदक-तिकिटात एका डॉलरचाही भागधारक होता, फक्त त्याच्या नावाने सातबारा निघत नव्हता.

भरतपूरला अशी भागीदारी कधी आली नाही. स्वातंत्र्यानंतर भोवतीच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की राजाचे रान आता फोडा, जमीन नांगराला द्या, पाणी शेतीला द्या. ती मागणी अन्याय्य मुळीच नव्हती. दलदल वाचावी म्हणून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली थेट नेहरूंपर्यंत गेले. जमीन वाचली, महाराजांचा शिकारीचा हक्कही शाबूत राहिला. शेवटची मोठी शिकार 1964 ची, हक्क संपला तो 1972 मध्ये. मग 1976 मध्ये अभयारण्य, 1981 मध्ये रामसर यादी, 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय उद्यान होताच गुरे बंद झाली, आणि त्याच वर्षी चराईवरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळ्यांनी गावकरी मेले.

या वर्षांचा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा 1980 ते 1990 या दहा वर्षांचा अभ्यास. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो झाला. त्याचा निष्कर्ष असा की म्हशी गेल्यावर पास्पॅलम गवत माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांना उतरायला जागा कमी झाली. ज्यांना बाहेर काढले त्यांची गुरे इतकी वर्षे फुकटात ती पाणथळ राखत होती. मंदिराजवळच्या पाटीवर त्यांच्यासाठी रकाना नव्हता, तसा राजपत्रातही नव्हता.

उद्यान झाल्यावर जमिनीच्या मालकीचा वाद मिटला. पाणी मात्र उद्यानाच्या हद्दीबाहेरून येत होते. गंभीर नदीवर करौलीकडे पांचना धरण झाले, आणि खालच्या बाजूला अजान बांधापर्यंत पाणी सोडण्याला धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 2004 मध्ये तर पाणी नाकारण्यात आले. आता सुमारे 29 चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानाला गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या जलवाहिनीतून पाणी पुरवावे लागते, आणि कोणत्या हंगामात किती सोडायचे याचा हिशेब वन खात्याला जलसंपदा खात्याशी बसून करावा लागतो.