हॅम्लेटचा 'विकारविलसित' झाला तेव्हा: पुरुषत्वावरच्या संशोधनाचा आराखडा

बारामती-इंदापूरकडून पेटची तयारी करणाऱ्या इंग्रजीच्या एखाद्या विद्यार्थ्याने 'शेक्सपिअरच्या नाटकांतलं पुरुषत्व' असा विषय लिहिला, तर विषय चांगलाच आहे. पण एवढ्या रुंद विषयाला चार वर्षं काय, चौदा वर्षं पुरणार नाहीत. माझं एम.एस्सी. झालंय, त्यामुळे माझा पहिला प्रश्न असतो, की नेमकं बघायचं काय? आज आपल्याच रंगभूमीवरचा नमुना घेऊ.

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. तिथे आगरकरांनी 'हॅम्लेट'च्या भाषांतरावर काम केलं. १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' नावाने छापून आलं. आता हे नाव नीट बघा. हॅम्लेटचा चंद्रसेन झाला खरा, पण शीर्षकात तो नाहीच. तिथे मनाचे विकार येऊन बसले! मला वाटतं, या नायकाची कसोटी तलवारीवर लागत नाही. विकारांवर त्याचा ताबा राहतो का, यावर लागते. देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. नावातच लढवय्या, आणि तोच संशयाने मोडून पडतो. वा. बा. केळकर तर आणखी पुढे गेले. 'टेमिंग ऑफ द श्रू'मधल्या बायकोला पडदा उघडायच्या आधीच राक्षसीचं नाव, 'त्राटिका'. आणि नवरा कोण, तर प्रतापराव. निकाल नावातच लागला.

पण ही त्राटिका रंगमंचावर उभी राहायची ती पुरुषाच्या रूपात. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी नायक आणि बळवंतराव जोग नायिका. म्हणजे बायकोला वठणीवर आणायचा सगळा खेळ दोन पुरुषांत चालायचा.

'लंडनलाही हेच होतं की' म्हणून पुढे जाऊ नका. तिकडे स्त्रीभूमिका करायची ती मुलं, आवाज फुटण्याच्या वयाची. व्यावसायिक रंगभूमीवर बायका आल्या १६६० मध्ये. आपल्याकडे पूर्ण वाढलेले पुरुष नायिका व्हायचे; १८८८ मध्ये जन्मलेले बालगंधर्व तर चाळिशी उलटल्यावरही. पोरगेलेपणावर बेतलेला इंग्रजी सिद्धान्त इथे तसाच चिकटवला, तर गडबड होणार. (प्रयोगशाळेत एक घटक बदलला की निष्कर्ष पुन्हा तपासतात. नाटकाचाही 'प्रयोग'च असतो, नाही का?) आणि गावच्या जत्रेत तमाशा बघितला असेल, तर गवळणीतली मावशी आठवा. शेजारी खऱ्या बायका असतात, तरी ती पुरुषच करतो, आणि हशा पिकतो तो त्यावरच. त्राटिकेला लोक असेच हसत होते का?

साधनांचं म्हणाल तर छापील संहिता, प्रस्तावना, त्या काळच्या वर्तमानपत्रांतली परीक्षणं आणि नटांच्या आठवणी. आठवणी जपून वापरा; त्या बहुतेक चाहत्यांनी लिहिलेल्या असतात आणि चाहते पुरुषच. काळाची शेवटची मर्यादा म्हणून मी १९३३ धरेन, कारण त्या वर्षी 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या.

मग आराखड्यातला प्रश्न साधारण असा होतो: १८८३ ते १९३३ या काळात, नायिकाही पुरुषच असताना, मराठी शेक्सपिअरमधल्या नवऱ्याची मर्दानगी प्रेक्षकांना कशावरून पटत होती?