कागदी कचरा, घरगुती

घरात वापरून झालेला किंवा नको असलेला कागद व पुठ्ठा. वर्तमानपत्रे, वह्या, पाकिटे, निमंत्रणपत्रिका, सामानाची खोकी, अंड्यांचे ट्रे, कागदी पिशव्या, हातपुसणी हे त्याचे नेहमीचे घटक. त्याला दोन चांगल्या वाटा आहेत : रद्दीच्या दुकानातून कागद गिरणीकडे, किंवा खताच्या कुंडीतून मातीकडे. कोणता कागद कोणत्या वाटेने जाणार, हे तो कोरडा आणि स्वच्छ राहिला का यावर ठरते. भाजीच्या देठांबरोबर एका डब्यात पडलेले वर्तमानपत्र तासाभरात रद्दीतून बाद होते.

कागद हा मुख्यतः सेल्युलोजच्या तंतूंचा थर असतो. वर्तमानपत्राचा लगदा लाकूड यंत्राने घासून केलेला असल्याने त्यात लाकडातले लिग्निन हे द्रव्य शिल्लक राहते. उन्हात तो पिवळा पडतो, तो त्यामुळेच. वहीच्या पांढऱ्या कागदातले लिग्निन रासायनिक प्रक्रियेने बहुतेक काढलेले असते आणि पोकळ्या भरण्यासाठी त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. गुळगुळीत मासिकांवर केओलिनसारख्या पांढऱ्या मातीचा लेप असतो. गिरणीत प्रत्येक फेरीला तंतू तुटून आखूड होतो, तरी साधारण पाच ते सात वेळा तो पुन्हा कागद होऊ शकतो. खतात गेलेला तंतू मात्र कायमचा गेला. म्हणून धडधाकट कागद आधी रद्दीत द्यावा आणि रद्दीत न खपणारा खतात घालावा, हा क्रम योग्य ठरतो. हौसेने कुंडीत कोरी वर्तमानपत्रे भरणे हे चांगल्या हेतूने केलेले नुकसान आहे.

रद्दीची साखळी महाराष्ट्रात फार जुनी व घट्ट विणलेली आहे. घरोघरी महिन्याचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवतात, रद्दीवाला काट्यावर तोलून नेतो. वर्तमानपत्र, वह्या-पुस्तके आणि पुठ्ठा यांचे भाव वेगवेगळे असतात. न चुरगळलेल्या वर्तमानपत्राला अधिक भाव येतो, कारण ते पुड्या बांधायलाही जाते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना काढली. गरम, तेलकट वड्याला छपाईची शाई लागते, तेव्हा ती सवय सोडलेलीच बरी.

या साखळीचे दुसरे टोक रस्त्यावर आहे. जो कागद घरातून विकला जात नाही, तो कचरावेचक वेचतात आणि त्यावर त्यांचे पोट असते. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. तिचे बहुसंख्य सभासद स्त्रिया आहेत. तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. सुका माल विकून आलेले पैसे या कष्टकऱ्यांचे असतात. त्यामुळे ओला-सुका वेगळा करणे हा केवळ नागरी शिस्तीचा मुद्दा नाही. खरकटे लागलेला पुठ्ठा व्यापारी कमी भावात घेतो किंवा परत करतो, आणि तो तोटा वेचणाऱ्या बाईच्या हातावर पडतो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणे बंधनकारक केले.

गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. टाचण्या, प्लॅस्टिक, डिंकाचे गोळे चाळण्यांतून वेगळे काढतात. पांढरा कागद हवा असेल तर साबणासारखी द्रव्ये घालून लगद्यात हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि फेस काढून टाकला जातो. तपकिरी खोक्यांच्या कागदाला बहुधा इतका खटाटोप लागत नाही. छापील कागदातून शाई काढून नवा कागद करण्याची रीत जर्मनीतल्या गटिंगेन येथील युस्टुस क्लाप्रोट याने १७७४ मध्ये प्रसिद्ध केली. टाकाऊपासून कागद करणे मात्र त्याहून जुने. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून हातकागद होत असे. पुण्यातील हातकागद संस्थाही कापडाच्या कातरणापासून कागद करते.

काही कागद गिरणीला चालत नाहीत. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ज्यूसच्या खोक्यात कागद, पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करायला निराळी यंत्रणा लागते. लग्नपत्रिकांवरची चमकी व लॅमिनेशन हीच अडचण करतात. दुकानातल्या यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदाची असते. त्यात बऱ्याचदा बिस्फेनॉल हे रसायन असते, म्हणून ती रद्दीतही नको आणि खतातही नको.

कागद आपोआप कुजतो, तेव्हा कुठेही टाकला तरी चालेल, हा समज चुकीचा आहे. ॲरिझोना विद्यापीठातील विल्यम रॅथ्जी यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या कचरा प्रकल्पात अमेरिकेतील भरावभूमी खोदून पाहिल्या. तेथे दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येतील अशा स्थितीत सापडली. दाबलेल्या, हवाबंद ढिगात लिग्निनमध्ये अडकलेले सेल्युलोज फार सावकाश कुजते आणि जेवढे कुजते त्यातून मिथेन निघतो. मुंबईतल्या देवनारसारख्या कचराभूमीला आग लागते, तेव्हा कोरडा कागद व प्लॅस्टिक तिला इंधन पुरवतात.

कंपोस्टमध्ये कागदाचे काम कार्बन पुरवण्याचे. जंतूंना कार्बन व नायट्रोजन साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात हवे असतात. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ ते २० ला १ असते, वर्तमानपत्रात व पुठ्ठ्यात शेकड्यांत. नुसता ओला कचरा म्हणून आंबतो आणि नुसता कागद पडून राहतो. एक किलो ओल्या कचऱ्याला शंभर ते दीडशे ग्रॅम कोरडा कागद घातला की प्रमाण जवळपास जुळते. पण ओलावा जुळत नाही. भाज्यांच्या सालींत सुमारे ८० टक्के पाणी, खताला हवे ५० ते ६० टक्के. तेवढ्या कागदाने ते सगळे शोषले जात नाही. म्हणून कागदाच्या जोडीला वाळका पालापाचोळा किंवा आधीचे कोरडे खत लागतेच, आणि कुंडीला भोके हवीत. मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता हात ओला व्हावा, धार लागू नये.

कागद कसा घालावा यात बहुतेक घरे चुकतात. अख्खी पाने पसरली की ती ओली होऊन एकमेकांना चिकटतात, हवा अडते आणि कुजका वास सुटतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडून, चुरगाळून, थराथरांत मिसळाव्यात. यंत्राने बारीक कातरलेला कागदही असाच दाबून बसतो. सर्वांत उत्तम अंड्यांचे ट्रे आणि टाचण्या-चिकटपट्टी काढलेला तपकिरी पुठ्ठा. त्यांच्या खडबडीतपणामुळे हवा खेळती राहते. तेलकट झालेले पिझ्झाचे खोके, भिजलेली हातपुसणी, लगद्याच्या न लेपलेल्या द्रोण-पत्रावळी रद्दीत जात नाहीत, पण त्यांचे खत होते. साध्या काळ्या शाईत मुख्यतः काजळी व तेल असते, त्यामुळे वर्तमानपत्राची साधी पाने चालतात. चकचकीत रंगीत पुरवण्या बाजूला ठेवाव्यात. वहीतल्या कॅल्शियम कार्बोनेटने अपाय होत नाही, उलट फळांच्या सालींची आम्लता थोडी सौम्य होते.

थरांनी खत करण्याच्या या पद्धतीचा भारतीय वारसाही मोठा आहे. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला कार्बनयुक्त काडीकचरा आणि शेण यांच्या थरांची रीत बसवली व १९३१ च्या ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ या ग्रंथात मांडली. घरातल्या कुंडीत काडीकचऱ्याच्या जागी कागद येतो, एवढाच फरक. गांडूळखतात ओल्या कागदाच्या पट्ट्या अंथरूण म्हणून उपयोगी पडतात आणि पुठ्ठ्याच्या खाली गांडुळे गोळा होतात.

पावसाळ्यात कोकण व मुंबईत दमट हवेने रद्दीला बुरशी, कसर, वाळवी लागते. तेथे जून ते सप्टेंबर गठ्ठे साठवू नयेत, लवकर विकावेत. त्याच महिन्यांत खताची कुंडी झाकून ठेवावी आणि कागदाचे प्रमाण वाढवावे. साधारण तीन महिन्यांत मिश्रण काळपट व मातीच्या वासाचे होते. चाळल्यावर वर उरलेले कागदाचे तुकडे पुढच्या भरणात टाकावेत, कारण त्यांवर वाढलेल्या बुरशीने नव्या थराचे कुजणे लवकर सुरू होते.