पोरांच्या हातातली केरसुणी



सकाळी अंगण झाडून, सडा टाकून, भांडीकुंडी आवरून आपण रानात जातो. दुपारी परत येतो तर पिठाचा डबा उपडा, धुतलेली कापडं मातीत आणि भिंतीवर कोळशाच्या रेघोट्या. तेवढ्यात कुणी पाहुणी येते, दारातूनच घरभर नजर फिरवते आणि म्हणते, "पोराबाळांचं घर दिसतंय!" नाव पोरांचं, पण बोल लागतो तो आपल्याला.

आज आम्ही अशाच भिंतीवरच्या रेघोट्यांचा इतिहास सांगणार आहोत. तो सुरू होतो परदेशात आणि येऊन पोचतो आपल्या पालघर जिल्ह्यात.

इटली देशातल्या रोम शहरात सान लोरेन्झो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती होती. तिथल्या मोडकळीला आलेल्या इमारती एका संस्थेनं दुरुस्त करून गरीब कुटुंबांना भाड्यानं दिल्या. आईबाप दिवसभर कामाला, मोठी मुलं शाळेत. मागे राहिलेली लहानगी जिने घाण करायची, भिंती खराब करायची. सारखी रंगरंगोटी करण्यापेक्षा ही मुलं एका खोलीत सांभाळलेली बरी, असा हिशेब संस्थेनं केला. हे काम मारिया मॉन्टेसरी या डॉक्टर बाईंकडे आलं. ६ जानेवारी १९०७ रोजी ती खोली उघडली. तिचं नाव ठेवलं 'मुलांचं घर'. पुढे जगभर गाजलेली ही शाळा मुळात भिंती स्वच्छ राहाव्यात म्हणून निघाली होती!

त्या घराचे नियम भिंतीवर लावलेले होते. मूल स्वच्छ धुऊन पाठवायची जबाबदारी आईची, आणि मूल न धुता आलं तर त्याला काढून टाकणार. म्हणजे तिथंही बोल आईलाच!

पण आत काही वेगळंच घडलं. बाईंनी मुलांच्या उंचीची हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतल्या, हात धुवायला बुटकी जागा केली. झाडणं, पुसणं, बटणं लावणं हेच मुलांचे धडे झाले. एकदा त्यांनी रुमालानं नाक कसं पुसायचं ते हळूच दाखवलं, तर मुलांनी टाळ्या वाजवल्या. "शेंबडा" म्हणून सगळे हिणवायचे, पण नीट शिकवलं कुणीच नव्हतं. आणखी एक गोष्ट बाईंनीच सांगितली आहे. सामानाचं कपाट एके दिवशी चुकून उघडं राहिलं. मुलांनी आपापल्या आवडीच्या वस्तू काढून घेतल्या. शिक्षिकेला वाटलं ही चोरी. बाईंना दिसलं की कोणती वस्तू कुठं असते ते मुलांना चांगलं ठाऊक आहे. मग कुलपाच्या कपाटाऐवजी मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं आली. मुलं वस्तू घेऊ लागली आणि जागच्या जागी ठेवूही लागली.

हा विचार आपल्याकडे आणला तो गुजरातेत भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांना येऊन मिळालेल्या आपल्या ताराबाई मोडक यांनी. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ती शाळा शहरातली आणि तिची साधनं महागडी. गरिबाच्या पोराचं काय? म्हणून १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी आल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, हिमतीनं शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या दोघी बालवाडी घेऊन वस्तीवरच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. आधी मुलांची आंघोळ, नखं, केस, मग गाणी-गोष्टी. विकत आणलेल्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, माती. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं त्यांना दिसलं की मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी अडकते, म्हणून तिची शाळा बुडते. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळालं.

हा इतिहास आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत वाचला आणि आपापल्या घराकडे पाहिलं. खुंट्या आपल्या डोक्याच्या वर, मांडणी उंच, केरसुणी पोराच्या उंचीएवढी. मग पोरानं दप्तर ठेवायचं कुठं? आम्ही खुंट्या खाली ठोकल्या. खेळण्यांना एक जुनी पाटी दिली. जुन्या केरसुणीच्या काड्या कापून छोटी केरसुणी बांधली. पोरगं झाडतं तेव्हा निम्मा केर मागे राहतो, हे खरं. सुरुवातीला आपलं काम वाढतं, हेही खरं. पण त्याच्यासमोरच ते पुन्हा झाडू नका, त्याचा हिरमोड होतो.

आणि एक गोष्ट आमच्यात वादाची झाली. केरसुणी आपण पटकन मुलीच्याच हातात देतो. मुलगा पाणीसुद्धा बसल्या जागी मागतो. रोमच्या त्या घरात आणि बोर्डीच्या अंगणात मुलगा-मुलगी दोघंही होती. तीन वर्षांच्या मुलाला झाडायची हौस असते. तेव्हा "हे बायकांचं काम" म्हणून आपणच त्याच्या हातातून केरसुणी काढून घेतो, आणि पुढे त्याच्या बायकोनं जन्मभर एकटीनं झाडायचं.

तेव्हा या आठवड्यात एक करा. घरातली एक खुंटी खाली घ्या, आणि पहिला सदरा मुलाला अडकवू द्या. काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगा. पाहुणीचा चहा झाला की कपबशी मोरीत नेऊन ठेवायला मुलालाच सांगा, तिच्या देखत.