चकली सर्कल ते घडियाळी पोळ : बडोद्याच्या नावांतील गंमत आणि पुरावा

2018 सालच्या फेब्रुवारीत 91वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, तेव्हा सीमाभागातील इतर अनेकांप्रमाणे आम्हीही तेथे गेलो होतो. मुक्काम आमच्या आत्यांकडे होता. स्टेशनावरून रिक्षा केली आणि पत्ता सांगितला, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "एटले चकली सर्कल थईने." आम्ही मनोमन सुखावलो. ज्या शहरातील एका चौकाला भाजणीच्या चकलीचे नाव मिळाले, तेथे मराठी फराळाचा केवढा दरारा असला पाहिजे! घरी पोचताच हा शोध आम्ही आत्यांना ऐकवला. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, चकली म्हणजे चिमणी. वकील झालास आणि गरीब चिमणीला तळून मोकळा झालास!"

गुजराती मुलांच्या गोष्टीत चका तांदळाचा दाणा आणतो, चकी डाळीचा दाणा आणते आणि दोघे मिळून खिचडी शिजवतात. आपल्या चिऊताईची ही शेजारीण. तिला ओळखण्यात आम्ही चुकलो, कारण शब्द आमच्या ओळखीचा होता. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारावा असे त्याला वाटतच नाही. शेजारच्या भाषांतील नावे वाचताना सर्वांत मोठा धोका असतो तो हाच.

पुढचे दोन दिवस आम्ही पाट्या वाचत हिंडलो. एका ठिकाणी 'अनाज दळवानी घंटी' असे लिहिलेले होते. घंटीने धान्य कसे दळावे, असा प्रश्न मराठी मनाला पडतो. गुजरातीत घंटी म्हणजे जाते किंवा पिठाची गिरणी. 'खारी शिंग' वाचून मिठातले शिंग डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते खारे शेंगदाणे असतात. दाक्षिणात्य उपाहारगृहांवर 'ढोसा' असे लिहिलेले दिसले, की आपण त्याला अशुद्धलेखन समजतो. पण गुजरातीत डोसा म्हणजे म्हातारा. सभ्य उपाहारगृहाने मसाला घातलेला म्हातारा ताटात वाढू नये, यासाठी तो 'ढ' मोठ्या सोयीचा आहे. उलट 'सेव उसळ' ही बडोद्याची लाडकी न्याहारी. तिच्यातली उसळ आपली, शेव दोघांची, आणि वरून मागायची 'तरी' कोल्हापूरकरालाही वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

असे घोटाळे जगभर होतात. स्कॉटलंडमध्ये पर्थशायर भागात 'डल' नावाचे खेडे आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ कंटाळवाणे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात 'बोरिंग' नावाची वस्ती आहे, आणि 2012 साली या दोन गावांनी विनोदबुद्धीने एकमेकांशी नाते जोडले. परंतु 'डल' हे नाव मुळात इंग्रजी नाहीच. ते त्या डोंगराळ मुलखातील जुन्या भाषेचे आहे आणि त्याचा संबंध कुरणाशी जोडतात. हसू येते ते गावामुळे नव्हे. एका भाषेचे नाव दुसऱ्या भाषेच्या कानांनी ऐकल्यामुळे येते.

बडोद्याच्या जुन्या कोटात शिरल्यावर 'पोळ' हा शब्द पावलोपावली भेटतो. मराठीत पोळ म्हणजे देवाच्या नावाने मोकाट सोडलेला वळू. गुजरातीत पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आतली वस्ती. हा शब्द संस्कृत 'प्रतोली'पासून आला असून चित्तोडगडाच्या दरवाज्यांच्या नावांतील 'पोल' तोच आहे. मांडवीजवळच्या 'घडियाळी पोळी'चा हिंदी भाषक पाहुण्याने काय अर्थ घ्यावा? हिंदीत घडियाल म्हणजे मगरीचा भाऊबंद, आणि विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे तर जगजाहीर! पण गुजरातीत घडियाळ म्हणजे आपले घड्याळ, आणि पोळीचे नाव त्यावरून आहे. तीन भाषांनी एकच पाटी वाचली, तर एकाला वळू दिसतो, दुसऱ्याला मगर दिसते आणि घरात राहणाऱ्याला फक्त आपला पत्ता दिसतो.

कोटाच्या चार दरवाज्यांपैकी लहरीपुरा पश्चिमेस, पाणी दरवाजा पूर्वेस, चांपानेर दरवाजा उत्तरेस आणि गेंडीगेट दक्षिणेस. हा दक्षिणेचा दरवाजा पूर्वी बुऱ्हाणपुरी दरवाजा म्हणून ओळखला जाई, कारण तेथून दक्षिणेची वाट फुटे. बुऱ्हाणपूर विस्मृतीत गेले आणि गेंडी उरली. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1860च्या दशकात, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला होता. हत्तींच्या आणि गेंड्यांच्या झुंजींचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळच्या हत्तींची आठवण 'हाथीखाना' या नावात टिकून आहे. आज तेथे धान्याचा घाऊक बाजार भरतो.

माणसांची नावे वस्त्यांना मिळाली, तीही अशीच बोलकी आहेत. रावपुरा आणि बाबाजीपुरा ही नावे दिवाण रावजी आप्पाजी आणि त्यांचे बंधू बाबाजी आप्पाजी यांच्याशी जोडली जातात. रावपुऱ्यातच तांबेकर वाडा आहे. भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण होते आणि त्यांच्या वाड्यातील भित्तिचित्रे आज संरक्षित आहेत. खंडेराव मार्केट ही सयाजीरावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेली इमारत. तेथे भाजी, फुले आणि महानगरपालिका यांचा कारभार एकाच आवारात चालतो. तिन्हींपैकी घासाघीस कोठे जास्त होते, हे आम्ही विचारले नाही. आणि ज्या सयाजीराव महाराजांनी हे सारे घडवले, त्यांच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौकाला लोक काय म्हणतात? 'काला घोडा'. मुंबईतही तेच झाले. तेथील पुतळा 1965 साली हलवला गेला, तरी काळा घोडा जागचा हलला नाही. लोकांची जीभ बिरुदे उचलत नाही. डोळ्यांना दिसते तेवढेच उचलते.

आता आमच्या दुसऱ्या चुकीविषयी. ती पहिलीइतकी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तावातावाने बोलत होतो. सीमाभागात वाढलेल्या माणसाला पाटी दिसली की प्रथम मालकी दिसते. तो आमच्या पिढीचा स्वभावच झाला आहे. आम्ही म्हणालो, "रावपुरा, बाबाजीपुरा, मांडवी, वाडी! ही नावे म्हणजे मराठीची सनदच आहे." आतोबा इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, "तू वकील ना? मग तुझ्याच साक्षीदाराची उलटतपासणी घे. वाडी हा शब्द कोणाचा?" आम्ही म्हणालो, "आमचा. सावंतवाडी, फोंडवाडी, अर्धे कोकण वाड्यांचे आहे." ते म्हणाले, "आणि गुजरातीत वाडी म्हणजे मळा, बाग. तुमच्या कोकणात नारळाची वाडी असते, ती कोणती? शब्द दोघांच्याही घरी आजोबांपासून आहे. मांडवीचेही तेच. सनद म्हणून हजर केलास, तर पहिल्याच तारखेला दावा निघून जाईल."

ते एवढ्यावर थांबले नाहीत. बडोद्याच्या नावाचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे इसवी सन 812चा ताम्रपट. त्यात 'वडपद्रक' हे गाव दान दिल्याचे लिहिले आहे. वडाशी नाते सांगणारे हे नाव. तेव्हा हे गाव शेजारच्या अंकोट्टकाच्या पदरी होते, म्हणजे आजच्या अकोटा भागाच्या. दान देणारा होता कर्क सुवर्णवर्ष, राष्ट्रकूटांच्या लाट शाखेचा राजा. आतोबा हसत म्हणाले, "त्या राष्ट्रकूटांची मान्यखेट राजधानी आज कोणत्या राज्यात आहे, हे तुला बेळगावकराला मी सांगू? नावावरून मालकी ठरवायची, तर उद्या कर्नाटकानेच बडोद्यावर हक्क सांगावा!"

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे न्यायालयात आम्ही इतरांना सांगत आलो, की साम्य म्हणजे पुरावा नव्हे. तोच नियम आपल्या अभिमानाच्या विषयात आम्ही गुंडाळून ठेवला होता.

मग बडोद्यातील मराठी टिकली कशाच्या आधारावर? गादीवर गायकवाड होते हे खरे, परंतु सयाजीराव महाराजांनी न्यायाची आणि कारभाराची भाषा गुजराती केली, कारण प्रजेची भाषा ती होती. राजाची मातृभाषा मराठी असतानाही हा निर्णय झाला. त्याच राज्याने 1931 साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कारभाराच्या शब्दांचा कोश काढला. त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय मांडले आहेत. मराठी साहित्य संमेलनेही येथे 1909, 1921 आणि 1934 साली भरली. 1909च्या अध्यक्षांचे नाव होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. कान्होबा आपला, रणछोड डाकोरचा. त्या एका नावात बडोद्याचा स्वभाव उतरला आहे.

नाव बदलण्याचा अनुभवही या शहराला आहे. इंग्रजी कागदोपत्रीचे 'बरोडा' 1974 साली 'वडोदरा' झाले. परंतु 1908 साली स्थापन झालेली बँक अजून बडोद्याचेच नाव लावते, विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही 'बरोडा' आहे, आणि आत्यांच्या तोंडी 'बडोदे' आहे. तिन्ही नावांची पत्रे एकाच पत्त्यावर पोचतात. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले, तेव्हा आमच्याकडे काय वातावरण होते ते वाचकांना ठाऊक आहे. नाव बदलणे आणि आपले नाव उच्चारण्याची मुभा जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बडोद्यानेही सोसली; दुसरी त्याच्या वाट्याला आली नाही. आमचे खरे गाऱ्हाणे दुसऱ्या गोष्टीचे आहे आणि ते तसेच नेमकेपणाने मांडले पाहिजे.

निघण्यापूर्वी आम्ही 'न्याय मंदिर' पाहिले. इतक्या देखण्या इमारतीत वकिली करावयास मिळणाऱ्यांचा आम्हांला हेवा वाटला. त्याच साली तेथील न्यायालय दिवाळीपुरा भागात गेले. दिवाळे निघालेला अशील आता दिवाळीपुऱ्यात जातो, ही कोटी आम्ही आतोबांना फोनवर ऐकवली. ते हसले, पण म्हणाले, "रिक्षावाले अजून जुन्या इमारतीलाच न्याय मंदिर म्हणतात. न्याय हलला, मंदिर हलले नाही."

त्या मुक्कामात आत्यांनी नातीकडून एक वही करवून घ्यावयास आरंभ केला. पोळीतल्या प्रत्येक घराला जुनी माणसे काय म्हणत, कोणत्या वळणाला कोणते नाव होते, हे त्यात दोन्ही लिपींत उतरवले जाते. आम्ही परतल्यावर आमच्या गावासाठी तशीच एक वही घातली आहे. तिच्यात मराठी आणि कन्नड असे दोन रकाने शेजारी शेजारी आखले आहेत. दुसरा रकाना भरण्यासाठी समोरच्या आळीतील एका ज्येष्ठ कन्नड गृहस्थांकडे दर रविवारी जावे लागते. पहिल्याच रविवारी, आम्ही ज्याला अस्सल मराठी समजत होतो अशा एका गल्लीच्या नावाचा त्यांनी निराळा अर्थ सांगितला. आम्ही तो लिहून घेतला.