मॅचचे पैसे कोणी भरले?

एके काळी रेडिओवर कॉमेंट्री ऐकायची तर आधी पोस्टात जावं लागे. घरात रेडिओ असला की लायसन्स लागायचं. १९३३ च्या कायद्यानं तसं बंधन होतं. दरवर्षी खिडकीवर फी भरायची आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. पुढे टीव्ही आला तेव्हा त्याचे वर्षाला ५० रुपये पडत. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. मॅच फुकटच दिसली पाहिजे, असं आज आपण गृहीत धरतो. आधीच्या पिढीनं मात्र तिचे पैसे रोख मोजले होते.

त्या फीचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ती कुठल्या एका मॅचसाठी नव्हती, त्यामुळे एखाद्या मॅचला किती गर्दी जमेल याचा हिशेब आकाशवाणीला करावा लागत नसे. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करत, आणि ते ऐकणाऱ्याला क्रिकेट आपल्या बोलीत कळे.

जाहिरात आली ती आपल्याच दारातून. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झालं, ते मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. दूरदर्शनवर जाहिराती दिसू लागल्या १९७६ च्या पहिल्या दिवसापासून. क्रिकेटला ही व्यवस्था इतकी मानवली याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. सहा चेंडू पडले की षटक संपतं, फलंदाज बाद झाला की नवा येईपर्यंत वेळ जातो, मध्येच पाणी येतं. फुटबॉलमध्ये ४५ मिनिटं अशी फटच नसते. आयपीएलनं तर अडीच मिनिटांचा ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ नियमातच बसवला.

पण फट आहे म्हणून पैसे जाहिरातदारच देईल, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये २००५ ची ॲशेस मालिका चॅनल फोरवर सगळ्यांना दिसली. त्यानंतर तिथलं कसोटी क्रिकेट स्काय या वर्गणीच्या वाहिनीकडे गेलं. मंडळाच्या तिजोरीत भर पडली, पण वर्गणी न परवडणाऱ्या घरांतून क्रिकेट गेलं. २०१९ चा विश्वचषक अंतिम सामना स्कायनं चॅनल फोरलाही दिला, तेव्हा त्या घरांना आपला संघ पुन्हा दिसला.

आपल्याकडे खरी ठिणगी पडली १९९३ मध्ये. तोवर क्रिकेट मंडळानं मॅच दाखवण्यासाठी दूरदर्शनलाच पैसे द्यावेत, अशी उलटी रीत होती. प्रत्येक सामन्याला ५ लाख रुपयांची मागणी व्हायची. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं हिरो कपचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले आणि सरकार बिथरलं. कंपनीची यंत्रसामग्री मुंबईत कस्टम्सनं अडवली, उपग्रहाकडे चित्र पाठवायच्या परवानगीवरून ओढाताण झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला: प्रसारणाच्या लहरी कोणाच्या? त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. निकालाचा हा अर्धा भाग बाजारानं ताबडतोब उचलला. या लहरींचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर सार्वजनिक संस्थेचं नियंत्रण असावं, हा दुसरा अर्धा भाग मात्र मागे पडला. मला वाटतं, आजचं सगळं भांडण त्या मागे पडलेल्या अर्ध्यातलं आहे.

खाजगी वाहिन्या आल्या आणि प्रेक्षक केबलवाल्याला दरमहा पैसे देऊ लागला. ज्यांच्याकडे केबल नव्हती त्यांचं काय, हे जानेवारी २००७ मध्ये नागपुरात उघडं पडलं. भारत-वेस्ट इंडीज एकदिवसीय मालिकेचे हक्क निंबस कंपनीकडे होते आणि दूरदर्शनला थेट चित्र मिळेना. दिल्ली उच्च न्यायालयानं मार्ग काढला तो सात मिनिटं उशिरानं दाखवण्याचा. म्हणजे मैदानावरचा चौकार गरिबाच्या घरी सात मिनिटांनी पोचणार! फेब्रुवारीत सरकारनं अध्यादेश काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला द्यायचं, आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कदार आणि प्रसार भारतीत ७५:२५ वाटायचं. डीडी फ्री डिशवर भारताच्या मॅच दिसतात त्या याच कायद्यामुळे. अलीकडच्या काळात क्रीडाप्रसारणाच्या बाबतीत सामान्य माणसासाठी एवढं चांगलं काम दुसरं झालेलं नाही.

मात्र हा कायदा मोबाईलच्या आधीचा आहे, त्याची व्यवस्था टीव्ही आणि रेडिओपुरती. हॉटस्टार हे ॲप २०१५ मध्ये आलं. २०२० ची आयपीएल त्यावर फक्त वर्गणीदारांना दिसली. मग २०२२ चा लिलाव झाला आणि पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे एका सामन्याला साधारण ११८ कोटी. डिजिटल हक्क रिलायन्सच्या वायकॉम १८ कडे गेले आणि वर्षभरात हॉटस्टारचे वर्गणीदार सहा कोटींवरून चार कोटींच्या खाली आले. लोक वर्गणी कशासाठी भरत होते, ते यातून कळलं. २०२३ ची आयपीएल वायकॉमच्या जिओ सिनेमा ॲपनं फुकट दाखवली, बारा भाषांत, मराठीतही. त्याला उत्तर म्हणून हॉटस्टारनं विश्वचषक मोबाईलवर फुकट केला. अंतिम सामना एका वेळी ५.९ कोटी लोक पाहत होते.

ही चंगळ स्पर्धेमुळे होती. १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही कंपन्यांचं मिळून जिओ हॉटस्टार झालं आणि तीन महिन्यांचे १४९ रुपये सुरू झाले. जिओच्या ठरावीक रिचार्जवर ते काही दिवस मोफतही मिळालं, म्हणजे पैसे रिचार्जमधून गेले. १४९ भरणाऱ्याला जाहिराती मात्र बघाव्या लागतातच. जाहिरात आणि वर्गणी यांत एक निवडायची सोय राहिलीच नाही. दोन्ही एकाच खिशातून जातात.

जाहिरातदाराच्या पैशाचा भरवसाही तेवढाच. भारतीय संघाच्या जर्सीवर आधी चिनी मोबाईल होता, मग शिकवणीचं ॲप, मग ड्रीम इलेव्हन. शिकवणीची कंपनी बुडाली. ड्रीम इलेव्हनचा पैसा तर पैजा लावणाऱ्या प्रेक्षकांकडूनच येत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली आणि तो करार मोडला.

माझं म्हणणं एवढंच आहे की जाहिरातदार गर्दीचे पैसे देतो, खेळाचे नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली-रेल्वे हा रणजी सामना दाखवायचं आधी ठरलेलं नव्हतं. विराट कोहली खेळणार हे कळल्यावर तो दाखवला गेला. त्याच संघांतले बाकीचे एकवीस खेळाडू तेवढ्यासाठी पुरे नव्हते. रणजी, खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धा, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कुस्त्या, हे सगळं जाहिरातीच्या जिवावर कधीच नीट दिसणार नाही. तिथे प्रेक्षकानं थोडे पैसे मोजायला हवेत, आणि मी तरी ते आनंदानं मोजीन. देशाच्या संघाचा सामना मात्र प्रत्येक मोबाईलवर वर्गणीशिवाय दिसला पाहिजे, खर्च जाहिरातदारानं करावा. २००७ च्या कायद्यात मोबाईल हा शब्द घातला तर हे होऊ शकतं. आयपीएलचा सध्याचा करार २०२७ च्या हंगामासोबत संपतो. पुढची बोली लागली आणि आकडा ठरला की मग त्या कायद्याला हात लावायला कोणी तयार होणार नाही.