निराळी राहिलेली प्रत

अलिबागच्या उत्तरेस, त्याच रायगड जिल्ह्यांत, न्हावा-शेवा बंदर आहे. २७ जून २०१७ रोजीं ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्गें जगभर पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क समूहाच्या येथील धक्क्याचें कामकाज ठप्प झालें. खंडणीची मागणी हा केवळ देखावा होता. पैसे भरूनहि माहिती परत मिळणें शक्य नव्हतें. मर्स्कनें ४५,००० संगणक व ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्यानें सिद्ध केले. कोणास कोठें प्रवेश, हें सांगणारी मूळ नोंदवही मात्र एकट्या घानामधील सर्व्हरवर वाचली होती. वीज गेल्यामुळें तो त्या वेळीं जाळ्यापासून तुटलेला होता. घरच्या संगणकाची शुद्धीहि अशीच: जाळें तोडावें, सर्व पुसावें, नव्यानें मांडावें. परंतु पुसण्याचें धैर्य त्यालाच होतें, ज्यानें कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत आधींच निराळी ठेविलेली असते.