रेडिओ चावडीवरून कानात कसा आला

आजकाल एक तक्रार घरोघरी ऐकू येते. एका खोलीत चार माणसं, चौघांच्या हातात चार मोबाइल, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. एसटीत शेजारच्या बाईला ‘कुठल्या गावच्या तुम्ही?’ असं विचारायला जावं, तर तिच्या कानात हेडफोन. आपण सगळा दोष मोबाइलला देतो. पण ही गोष्ट मोबाइलच्या खूप आधी सुरू झाली. आज तीच सांगतो.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. युनेस्को या जागतिक संस्थेची त्याला मदत होती. पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोते मंडळं तयार झाली. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या मंडळांवरून घेतली होती. तेव्हा रेडिओ म्हणजे मोठी, महागडी पेटी. ती घरोघरी कुठून असणार? आठवड्यातून दोनदा मंडळाची माणसं रेडिओभोवती जमत. अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करत. काय पटलं, काय अडलं, ते लिहून पुण्याला पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्याची उत्तरं मिळत. असे २० कार्यक्रम झाले.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ असलेली गावं पाहिली. रेडिओ आहे पण मंडळ नाही, अशी गावं पाहिली. आणि ज्या गावांत दोन्ही नाही, तीही पाहिली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ऐकणं पुरेसं नव्हतं. ऐकल्यावर एकमेकांशी बोलणं झालं, तेव्हा ते डोक्यात राहिलं.

पण मैत्रिणींनो, त्या मंडळांत बहुतेक पुरुषच असत. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्याच्या जागा वेगळ्या होत्या. पाणवठा, जातं, खुरपणीची पात. पाणवठ्यावर एखादीचा चेहरा उतरलेला दिसला, की ‘काय गं, बरं नाही का?’ असं कोणीतरी विचारायचंच. नळ दारात आला, पिठाची गिरणी आली, पायपीट आणि कष्ट वाचले. हे चांगलंच झालं. पण त्या विचारपुशीसाठी नवी जागा कोणी बांधली नाही.

इकडे रेडिओ लहान होत गेला. अमेरिकेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ साली तिथे खिशात मावणारा रेडिओ विकायला आला. पुढे आपल्याकडेही शेताच्या बांधावर ट्रान्झिस्टर वाजू लागला. तरी त्याचा आवाज अजून सगळ्यांचा होता. बांधावर लावला, तर शेजारच्या रानातल्या बाईलाही गाणं ऐकू जायचं.

मोठा बदल झाला १९७९ साली जपानमध्ये. सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला. कॅसेट लावायची, हेडफोन कानाला लावायचे आणि चालता-फिरता गाणी ऐकायची. कंपनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी तो आधी घरी नेऊन पाहिला. ते एकटेच ऐकत बसले, तर त्यांची पत्नी वैतागली. आपल्याला बाजूला टाकलंय, असं तिला वाटलं. मोरितांच्याही ते लक्षात आलं. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायला दोन जागा ठेवल्या, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. शिवाय एक नारिंगी बटण दिलं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पण गिऱ्हाइकांना आपापला वेगळा वॉकमन हवा होता. पुढच्या मॉडेलमधून ते बोलायचं बटण गेलं. बाईने बोलून दाखवलेली गोष्ट खरी होती, पण बाजाराला ती नको होती.

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आता रेडिओ, कॅसेट, टीव्ही, पत्र, सगळं त्या एका फोनमध्ये आहे, आणि तो एका माणसासाठी बनवलेला आहे. कित्येक घरांत तो एक माणूस म्हणजे नवरा नाहीतर मुलगा असतो, हेही आपण जाणतो.

मोबाइल फेकून द्या, असं आम्ही म्हणणार नाही. पूर्वी माहेरी फोन करायचा तर एसटीडी बूथवर, दहा जणांच्या देखत. आज लेक आईशी मनातलं बोलू शकते. अडचणीत मदत मागू शकते. हे एकटेपण आपल्याला हवं होतंच. पण दुसऱ्या एकटेपणात धोका आहे. ‘तुम्हाला कर्ज मंजूर झालं, इथे दाबा’ असा खोटा निरोप येतो. एकटी बाई दाबते आणि खात्यातले पैसे जातात. तोच निरोप गटात मोठ्याने वाचला असता, तर कोणीतरी ‘थांब गं’ म्हणालं असतं. आणि एखादी महिनाभर गप्प असेल, तर तो उतरलेला चेहरा फोनवर दिसत नाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. हेडफोन बाजूला ठेवा. आपल्या रेडिओचा एक कार्यक्रम एकाच मोबाइलवर लावा. तो स्टीलच्या पातेल्यात मध्यभागी ठेवा, आवाज सगळ्यांना पोचेल. कार्यक्रम संपला की मोबाइल बंद करून दहा मिनिटं बोला. जी आली नाही, तिच्या घरी कोण जाणार, ते ठरवा. आणि काही अडलं, तर प्रश्न लिहून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात उत्तर देऊ. १९५६ च्या मंडळांत आपल्याला जागा नव्हती. आजचं मंडळ आपलं आहे.